न मिटलेली वीणा

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण चूक मोठ्यांची होती.

समुद्राकाठी एक गाव होतं. तिथे वीणा करणाऱ्यांची आळी होती. फणसाचं लाकूड, लांब दांडी, धातूच्या तारा. तारांची ओढ भारी असते. नुसत्या लाकडाची दांडी तिच्यापुढे वाकते. म्हणून कुणा पूर्वजाने दांडीच्या पोटात लोखंडी सळई घट्ट बसवली आणि दांडी सरळ राहिली. पूर्वजाची अक्कल चांगली होती.

वीणा पूर्ण झाली की दांडीच्या टोकाला पितळेची टिकली लाखेने चिकटवायची आणि तिच्यावर घराचा ठसा मारायचा. याला आळीत ‘मिटणं’ म्हणत. मिटलेल्या वीणेला पुन्हा हत्यार लावायचं नाही. लावावं लागलं तर करणाऱ्याचा कमीपणा. सकाळी दोन माणसं भेटली की “बरं आहे ना” असं विचारत नसत. “मिटली का?” असं विचारत.

मिटलेल्या वीणा घाट चढून पठारावरच्या राज्यात जात आणि काही काळाने परत येत. तार पडद्यांवर घासते, सुरात किरकिर येते, ही तक्रार. आळीतले लोक टिकली शाबूत आहे का तेवढं पाहत आणि वीणा भिंतीला टांगून ठेवत. काही दिवस गेले की ती आपोआप गोड वाजू लागे. मग ते हसत. म्हणत, “वीणेत खोट नाही. पठारावरच्या लोकांचा हातच जड.” बापाने हे मुलाला सांगितलं, मुलाने नातवाला. तपासून कुणी पाहिलं नाही.

एकदा पठारावरून एक म्हातारी वीणावादक स्वतःच खाली आली. तिने गाडीतून उतरल्या उतरल्या आळीच्या म्होरक्यासमोर वीणा वाजवली. किरकिर झाली.

म्होरक्या म्हणाला, “बाई, हात जड आहे तुमचा.”

म्हातारी वीणा घेऊन निघाली. धर्मशाळेत जाऊन राहिली. पाऊस लागला होता, घाट बंद होता. रोज वाजवत बसायची. एका सकाळी वीणा स्वच्छ वाजली. म्हातारी उठली आणि समोर पहिलं जे दार दिसलं तिथे गेली.

ते दार एका कारागीर बाईचं होतं. बाप गेल्यावर त्याचं काम ती चालवत होती. दाराच्या चौकटीवर बापाचा ठसा कोरलेला होता.

“ऐक,” म्हातारी म्हणाली आणि वाजवलं. “माझा हात इथे येऊन हलका झाला का? की तुमची हवाच वेगळी आहे?”

कारागीर बाईने वीणा हातात घेऊन दांडी न्याहाळली. मग तिने पटाशी घेतली आणि त्या वीणेची टिकली उचकटली. आळीत असं कुणी केलं नव्हतं.

तिने आत पाहिलं. सळई लाखेत गच्च. तेव्हा तिला कळलं. कोरड्या हवेत लाकूड आखडतं. लोखंड आखडत नाही. त्या ओढाताणीत दांडी पाठीकडे झुकते आणि तारा पडद्यांना टेकतात. ओल्या हवेत लाकूड फुगतं आणि दांडी पुन्हा जागेवर येते.

ती लोहाराकडे गेली. म्हणाली, “सळईच्या टोकाला आटे पाडून दे. त्यावर फिरणारी चाकी दे आणि ती फिरवायला एक किल्ली. चाकी आवळली की सळईने दांडी ओढून धरावी, सैल केली की सोडावी.”

लोहाराने करून दिली. तिने नवी वीणा केली, चाकी बसवली आणि शेवटी लोक काय म्हणतील या भीतीने वर टिकली लावून टाकली. लोहार पाहायला आला.

“चाकी आत आणि टिकली बाहेर,” तो म्हणाला. “किल्ली काय मंत्र म्हणून आत घालणार?”

ती ओशाळली. टिकली काढली. दांडीच्या टोकाला भोक उघडं राहिलं.

बातमी आळीत फिरली. पंच बसले. म्होरक्या तिच्या बापाचा मित्र होता, म्हणून जास्तच कडक बोलला.

“उघड्या तोंडाची वीणा विकणार तू? गिऱ्हाईक म्हणेल, करणारीलाच आपल्या कामाचा भरवसा नाही.”

“कामाचा आहे, काका. हवेचा नाही.”

“तोंड फार चालतं तुझं.”

“वीणेचंही तोंड उघडं, हिचंही उघडं,” मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. ती हसली नाही.

पंचांनी ठरवलं. टिकली बसव, नाहीतर चौकटीवरचा बापाचा ठसा तासून टाक आणि आळी सोड.

“पठारावर जाऊन ठरवू,” ती म्हणाली. “तुमची एक, माझी एक. उन्हाळाभर तिथल्या राजाच्या दरबारात टांगू. माझी तिथे वाजली नाही तर ठसा मी माझ्या हाताने तासेन.”

म्होरक्या कबूल झाला. तो गर्विष्ठ होता, लबाड नव्हता. हे ध्यानात ठेवा. त्याने आपली सगळ्यात चांगली वीणा काढली आणि स्वतः घाट चढला.

पठारावरचा उन्हाळा कडक. मडकी तडकत होती, दारं चौकटीत सैल पडत होती. दोन्ही वीणा दरबारात टांगलेल्या राहिल्या. उन्हाळा संपता संपता राजाने सभा भरवली. तीच म्हातारी वाजवायला बसली.

आधी म्होरक्याची वीणा. किरकिर झाली.

“हात,” म्होरक्या म्हणाला.

म्हातारीने वीणा त्याच्यापुढे सरकवली. “मग तुमचा लावा.”

त्याने वीणा मांडीवर घेतली. जन्मभर त्याने वीणा वाजवून पारखल्या होत्या. त्याने तार छेडली. किरकिर झाली. त्याने हलक्या बोटाने छेडली. किरकिर झाली. त्याने वीणा खाली ठेवली आणि आपल्या बोटांकडे पाहत राहिला. पठारावरचं कुणी हसलं नाही. त्यांनी तो शब्द फार वर्षं ऐकला होता.

मग बाईची वीणा आली. म्हातारीने छेडली. तीही किरकिरली.

सभेत कुजबुज झाली. म्होरक्या हळूच म्हणाला, “पोरी, तुझीही तीच गत.”

“असणारच, काका. लाकूड तेच आहे.”

तिने कमरेची किल्ली काढली, दांडीच्या भोकात घातली आणि फिरवली. म्होरक्या कारागीर होता. कोणत्या बाजूला फिरते ते त्याला लगेच दिसलं.

“अगं, सैल करतेस? आवळ की.”

“आवळलेलीच आहे ती. तुमचीही. इथल्या कोरड्या लाकडाला एवढी ओढ नको. थोडं सोडलं की तारा दांडीला आपल्याकडे घेतील.”

तिने दांडीवरून नजर लावून पाहिलं आणि किल्ली म्हातारीच्या हातात दिली. “आता तुम्ही. कान तुमचा आहे.”

म्हातारीने केसभर फिरवली. ऐकलं. अजून केसभर फिरवली. मग वाजवलं.

सूर निघाला तो थेट दरबाराच्या छतापर्यंत गेला. पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत एकही तार घासली नाही. म्हातारीने डोळे मिटले आणि ती वाजवतच राहिली. बाहेर चाललेले लोक थांबले. पहारेकऱ्यांनी भाले भिंतीला टेकवले. राजाने थांब म्हटलं नाही. एवढ्या वर्षांत त्या राज्यात त्या लाकडाचा खरा आवाज कुणी ऐकला नव्हता.

वाजवणं संपलं तेव्हा म्होरक्या उठला. भरल्या सभेत त्या म्हातारीसमोर गेला.

“बाई, हात तुमचा चांगला होता. आमच्या टिकल्या वाईट होत्या.”

मग तो कारागीर बाईकडे वळला. “ठसा राहील. आणि एक विचारतो. ही किल्ली कुणाकडे राहायची? आपल्याकडे?”

“वाजवणाऱ्याकडे, काका. घाटावर आपण कुठे असतो?”

त्याने मान डोलावली.

पुढच्या पावसाळ्यानंतर आळीतून जी वीणा निघाली तिच्या दांडीला भोक होतं आणि तिच्यासोबत एक किल्ली बांधलेली होती. वीणा घाट चढल्या आणि परत आल्या नाहीत. रिकाम्या गाड्या तेवढ्या आल्या, त्याही आणखी वीणा मागायला. म्होरक्या त्या वयात लोहाराकडे जाऊन आटे पाडायला शिकला. लोहार त्याला रागावत असे आणि तो ऐकून घेत असे.

बोध एवढाच: आपल्या कामात जो दुरुस्तीला वाट ठेवतो, त्याचंच काम परक्या हवेतही टिकतं.