महाराजांचं वजन आणि गाडीचे टायर

"टायर फुटला तर तुझा नवरा कैदेत! आणि टायर निवडताना आमचं वजन चाळीस किलोच्या वर धरलंस, तरी तुझा नवरा कैदेत!"

तेजसिंह महाराजांनी हुकूम सोडला आणि इंदुमतीच्या कडेवरच्या बाळाने भोकाड पसरलं. तिलाही तेच करावंसं वाटलं. पण भर दरबारात दोघांनी एकदम रडणं बरं दिसलं नसतं.

प्रजेने मान वर करून पाहावं म्हणून महाराजांनी आपली गाडी हातभर उंच करून घेतली होती. पुढे लोखंडी कठडा, वर छत्र, आत सिंहासन! दिवाणजींनी टायर आणले तेही रानरेड्यासारखे दांडगे. एक टायर किती भार पेलतो तो आकडा त्याच्या कडेलाच असतो. पण तो वाचायला वाकावं लागतं, आणि दिवाणजी महाराजांखेरीज कुणापुढे वाकत नसत. दोन टायर फुटले. आता दसऱ्याला गाडी घाट उतरणार होती आणि चालवणार होता इंदुमतीचा नवरा भिवाजी. "माझी बायको शिकलेली आहे, ती निवडेल टायर," असं हाच शहाणा दरबारात बोलून गेला होता!

चाळीस किलोंची गोष्ट निराळी. दर वाढदिवसाला महाराजांची गुळाने तुला होई आणि तो गूळ प्रजेला वाटला जाई. महाराज तराजूत बसत, पण एक पाय खाली टेकवून, म्हणजे वजन चाळीसच किलो भरे आणि गूळ वाचे!

"मग सगळ्यांत दणकट टायरच घेते," इंदुमती चाचरत म्हणाली.

"म्हणजे आम्ही जाड?" महाराज गरजले. "आणि असले दगडासारखे टायर खड्ड्याखड्ड्याला गाडी उडवतील, त्याचं काय? बरोब्बर बेताचे हवेत!"

घरी येऊन ती बाळाला भरवायला बसली. बाळाच्या हातातला लाडू मागितला की त्याची मूठ घट्ट! आपल्या हातातला पुढे केला की दोन्ही हात पसरलेले! इंदुमती बघतच राहिली.

"अगं बाई, हे तर महाराज!"

दुसऱ्या दिवशी ती दरबारात हजर.

"महाराज, माझ्या माहेरी गुऱ्हाळ आहे. हुजुरांच्या वजनाएवढा गूळ भेट द्यावा, अशी वडिलांची फार इच्छा आहे." वडिलांना या इच्छेचा पत्ताच नव्हता. "उसाच्या गाड्या मोजतात त्या काट्यावर आधी दसऱ्याचा सरंजाम भरलेली गाडी मोजू. मग हुजूर आत बसतील. जो फरक येईल, तेवढा गूळ!"

महाराजांचे डोळे लकाकले. सकाळी कळशीभर ताक पिऊन, अंगात चिलखत, कमरेला दोन तलवारी आणि डगल्याच्या खिशांत तोफेचे गोळे घालून स्वारी काट्यावर आली. पाय? दोन्ही गाडीत!

"फरक दोनशे दहा किलो!" काटेवाला ओरडला. जमलेल्या प्रजेने 'अबब' केलं.

इंदुमतीने एकूण भार चार चाकांवर वाटला. उतारावर गाडी पुढे झुकते, म्हणून थोडा वर धरला आणि तेवढं पेलणारे टायर सांगून टाकले.

"टायर राहू दे, गूळ आण!" महाराज म्हणाले.

"गूळ तयार आहे, महाराज. पण हे वजन खरं मानायचं ना? मग वाढदिवसाच्या तुलेलाही दोनशे दहा किलो वाटावा लागेल. दरवर्षी! खोटं मानायचं तर माझा गूळ चाळीस किलो. हुजूर सांगतील तसं."

महाराजांनी प्रजेकडे पाहिलं. प्रजेने जिभल्या चाटल्या. मग महाराज असे गडगडून हसले की खिशातला गोळा सुटला तो थेट दिवाणजींच्या पायावर! दिवाणजी कधी नव्हे ते टायरापर्यंत वाकले.

"गूळ दरबारी वजनाने, टायर काट्याच्या वजनाने!" महाराजांनी निवाडा दिला. "भिवाजीच्या कैदेचा हुकूम रद्द! आणि पोरी, हवं ते माग!"

"गाडी हातभर खाली घ्या, महाराज."

"का गं? टायरांवर भरवसा नाही?"

"टायरांवर आहे हो. पण ते निवडणारीवर नाही!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले. गाडी त्याच दिवशी हातभर उतरली, आणि तो चाळीस किलो गूळ महाराजांनी इंदुमतीच्याच घरी पोचवला.