न ओढलेला हात

"मग ओढायचा नाही, तर करायचं काय?" रेवणनं विचारलं.

माई शेंगा सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या.

मठाच्या ओसरीत रेवणची थोरली बहीण सुगला बसली होती, उजवा हात पोटाशी धरून. दिवाळीपासून खांदा आखडला होता. वेणी घालता येईना, त्या कुशीवर झोपता येईना, पदर सावरायचा तरी जावेला हाक मारावी लागे. आणि तिचा धंदा भाकऱ्यांचा! हात चालला तर चूल चालणार. धाकटा भाऊ एका हिसक्यात हात मोकळा करून देईल, या एकाच आशेनं ती एसटीचे धक्के खात आली होती.

आशा काही उगाच नव्हती. माईंकडे शिकायला येण्याआधी रेवण घरीच लोकांचे खांदे ओढायचा आणि पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. बरा झालेला माणूस त्याच्या अंगणातल्या लिंबाला त्याच हातानं, हात उंच करून, पितळी घंटी बांधून जायचा. वारा सुटला की लिंब किणकिणायचा आणि रेवणची छाती फुगायची.

माई एके काळी मोठ्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टर होत्या. पुढे त्यांनी मठाचा रस्ता धरला, पण डॉक्टरकी टाकली नाही. रेवणनं त्यांना गुरू केलं होतं खरं, पण भरवसा अजून लिंबावरच होता.

"माई, फांदी वाकलीय हो घंट्यांनी. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"ज्यांनी बांधली नाही, ते कुठं आहेत?"

"कोण?"

"ज्यांचे हात तू ओढलेस, आणि जे परत आले नाहीत."

"बरे झाले असतील. कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल."

"असेल..."

माईंनी टरफलं बाजूला सारली.

"जा. बघून ये. आणि ज्यांचा खांदा आखडला होता, पण तुझ्यापर्यंत पोचलेच नाहीत, असेही कुणी सापडले तर त्यांनाही भेट. त्यानंतर अक्काचा हात ओढावासा वाटला तर ओढ. मी अडवणार नाही."

"आणि तोवर मी काय करू ओ, माई?" सुगलानं विचारलं.

"तोवर दुखणं कमी करू. तालुक्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. आधी रक्तातली साखर बघतील, मग खांद्यात एक इंजेक्शन देतील. रात्रीची झोप तरी लागेल."

रेवण निघाला. मनातून खुशीत होता. चार माणसं भेटतील, चार शाबासक्या घेऊन येऊ, असा त्याचा हिशेब.

पहिला भेटला दत्तोबा कासार.

"या या, वैद्यबुवा!" दत्तोबानं डाव्या हातानं घोंगडी अंथरली. उजवा हात नुसता लोंबत होता. समोर एक नवरी बांगड्या भरायला बसली होती. भरत होती दत्तोबाची बायको. तो बाजूला बसून बांगड्या निवडून देत होता.

"हात...?" रेवणनं त्या हाताकडे बोट केलं.

"असू द्या की. तुम्ही मनापासून ओढलात. ओढताना दंडात कट्‌ झालं, एवढंच. दवाखान्यात गेलो तर म्हणाले, हाड मोडलंय."

"मग मला सांगायला का नाही आलात?"

"अहो, एवढ्या भल्या माणसाच्या दारात जाऊन नावं ठेवायची? बरं दिसतं का ते?"

आणि दत्तोबानं त्यालाच चहा पाजला.

पुढच्या गावी हिराबाई भेटली. तिचाही खांदा आखडला होता. रेवणकडे यायचं नक्की होतं, पण ज्वारीची काढणी आली, मग सुनेचं बाळंतपण आलं.

"तुमच्याकडं यायचं राहूनच गेलं बघा," ती ओशाळून म्हणाली. "सालभर लई छळलं मेल्यानं. मग सुटला आपला आपण." आणि बोलता बोलता तिनं वरच्या फळीवरचा डबा दोन्ही हातांनी खाली घेतला.

रेवण आणखी बरीच दारं फिरला. दत्तोबा पुन्हा भेटले. हिराबाईही भेटल्या. नावं निराळी, एवढंच.

परत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. त्यानं माईंना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"म्हणजे माई... खांदा आपला आपणच सुटतो?"

माईंनी आपला डावा हात सरळ वर केला. पार कानाला लागेपर्यंत.

"हाही आखडला होता. तू येण्याआधी."

"कुणी ओढला?"

"कुणीच नाही."

"मग हाच पुरावा!" रेवण उसळून म्हणाला. "हेच आधी दाखवायचं होतंत की!"

माईंनी हात खाली घेतला.

"एका हाताचा कसला पुरावा? तो तुझ्या लिंबाएवढाच. कुणाचा पुरता सुटतो, कुणाचा थोडा अडून राहतो. ओढलेले किती, न ओढलेले किती, परत न आलेले कुठं गेले, हे सगळं ज्यांनी चिकाटीनं पाहिलं त्यांचं ऐकायचं. ते सांगतात, दुखऱ्या खांद्याशी झटापट करू नका. मी तेवढंच ऐकते."

आपला बरा झालेला हात जिनं वादात एकदाही पुढे केला नाही, ती बाई रेवणला त्या दिवशी खरी दिसली. त्यानं वाकून पाय धरले. आजवर धरले होते ते रीत म्हणून.

ओसरीत सुगला वाट बघत होती. इंजेक्शननं ठणका ओसरला होता, झोप झाली होती, चेहरा उजळला होता.

"ये रे, आता ओढ. आता सोसवेल मला."

"नको, अक्का." त्यानं तिला भिंतीसमोर उभं केलं. "बोटं भिंतीवर चालवत वर ने. दुखायला लागलं की थांब. रोज कर, हळूहळू. कदाचित वर्ष जाईल, पण मी येत राहीन."

"हे तर माझी नातसुद्धा शिकवेल!" सुगला भडकली. "परक्यांचे हात ओढलेस, आणि सख्ख्या बहिणीला भिंत दाखवतोस? कशाला मोठा झालास रे?"

रेवणनं मान खाली घातली. सुगला बडबडत, रागारागानं का होईना, बोटं भिंतीवर चालवू लागली. चेहरा आक्रसला तशी थांबली. पुन्हा खालून सुरुवात केली.

तो आत माईंकडे गेला.

"माई... तिचा हात वर जाईल. पण ती म्हणेल, आपोआप गेला. जावेला सांगेल, भावानं काहीसुद्धा केलं नाही. सगळ्या गावाला सांगेल..."

माई ऐकत होत्या. बाहेरून सुगलाचं कण्हणं आलं, मग थांबलं.

"रेवण," माई म्हणाल्या, "दुखतोय कुणाचा हात?"