बसुंदीतलं जायफळ

निरंजनबुवांचा रुबाब मोठा. ते ज्या घरी उतरत, तिथे ते ध्यानाला बसले की पाळण्याची कडीसुद्धा वाजता कामा नये. एकदा ते इनामदारांकडे उतरले. घरच्या अंबूअक्काने त्यांच्याकडे गुरुमंत्र मागितला, तर बुवा हसले.

"चुलीपाशी बसणाऱ्या बाईला मंत्र कशाला? तिचं चित्त सदा मीठ-मिरचीत!"

"बुवा, मी बसुंदी आटवते तीसुद्धा नाम घेतच. पळी एकदा फिरली की एक नाम."

"दूध ढवळून देव भेटत नसतो! मी देवघरात बसतो, तू बस चुलीपुढे. कुणाचं चित्त ठरतं ते गाव बघेल."

बुवांनी डोळे मिटले. सोप्यात गाव बघायला जमलं. अक्काची पळी संथ फिरत राहिली, दूध आटत आलं. तेवढ्यात देवघरातून बुवांचा आवाज आला, "अगं, जायफळ विसरलीस की काय? वास कसा येत नाही अजून?"

अक्काने पळी थांबवली नाही.

"बुवा, नाम घेता घेता मी मघाशीच मनाने देवघरात जाऊन आले. तिथे तुम्ही नव्हतात. आता कळलं, तुम्ही माझ्या पातेल्यात होतात!"

बुवांनी मुकाट्याने मंत्र दिला. बसुंदीची दुसरी वाटी मागायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.