तपासणीतून निसटलेला फोटो

"मग सोडू ना, बुवा?"

"काय सोडतोस?"

"फोटो. जुने. आता कामाचे नाहीत."

रावजीबुवा घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही, नुसता हात मागं केला. "आण हिकडं."

दिगंबर सहस्रबुद्ध्यांना हे अपेक्षितच होतं. कृष्णेच्या या घाटावर लोक फुटक्या तसबिरी, जीर्ण पोथ्या घेऊन यायचे, आणि बुवांना दाखवल्याशिवाय पाण्याला काही द्यायचे नाहीत. बुवा एकेक वस्तू डोळ्यांजवळ नेऊन बघायचे, मग म्हणायचे, जाऊ दे. एवढं काय बघता, असं कुणी विचारलं तर सांगायचे, निरोप द्यायचा तर तोंड नको बघायला?

बुवांचं बुवापण तसं फार मोठं नव्हतं. चाळीस वर्षं याच पाण्यात त्यांनी नाव चालवली. पुढे पूल झाला, नाव काठाला लागली ती लागलीच, आणि काठाला बसलेल्या नावाड्याला लोक हळूहळू संसारातलं काहीबाही विचारायला लागले. मठ नाही, गादी नाही, अक्षराची ओळख नाही. कलेक्टर आला तरी त्याला अरेतुरे. सहस्रबुद्ध्यांसारख्या शिकल्यासवरल्या, हट्टी माणसानं इथं का यावं, हे खुद्द त्यांनाही सांगता आलं नसतं. दहा महिन्यांपूर्वी त्यांची बायको, कुमुद, गेली. तेव्हापासून दर गुरुवारी ते येत, तासभर वाद घालत आणि घरी जात.

"कसलं फोटू?"

"ग्रीसचे. तिकडं पारोस नावाचं बेट आहे."

"बेट म्हंजी... कळकाचं?"

"बांबूचं नाही हो. समुद्रातलं, चहूकडून पाणी असलेलं. एक्याण्णव साली कंपनीनं मला जर्मनीला पाठवलं होतं. शेवटी हिलाही बोलावून घेतलं आणि परत येताना आठ दिवस तिथं राहिलो. आमचा दोघांचा तेवढाच प्रवास."

"आन् त्येच पाण्यात सोडतोस."

"त्यांचं काम झालं ना. सगळे कॉम्प्युटरवर घेतले." सहस्रबुद्ध्यांनी पिशवीतून टॅबलेट काढला आणि बुवांच्या पुढ्यात धरला. "दोनशे चौदा फोटो. चार महिने लागले. एकेक स्कॅन करायचा, मग पडद्यावर मोठा करून त्याची बुरशी काढायची, ओरखडे बुजवायचे, उडालेला निळा रंग परत आणायचा. आता यात एक डाग सापडला तर दाखवा मला."

हे उगाच बोलणं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती. यंत्राचा सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, केसभर चूक दिसली की लाल पेन्सिलीनं फुली मारून बाजूला टाकायचा. सहस्रबुद्ध्यांच्या हातून पुढे गेलेला माल परत येत नाही, असं साहेब लोक म्हणायचे. ती लाल पेन्सिल ते घरी आणायचे आणि घरातही वापरायचे. कुमुदच्या वाणसामानाच्या यादीतलं शुद्धलेखनसुद्धा त्यातून सुटलं नव्हतं.

बुवा एकेक चित्र बघत राहिले. पांढरी घरं, निळी दारं, एक पवनचक्की, धक्क्याला लागलेल्या होड्या. होड्यांपाशी ते बराच वेळ थांबले.

"नाव चांगली हाय. वल्हं ल्हान पडतंय तिला."

पुढची पंधरावीस चित्रं झाली. मग त्यांनी विचारलं, "बाई कुटं हाय?"



हेच सहस्रबुद्ध्यांच्या लेकीनं विचारलं होतं. मोठ्या हौशीनं त्यांनी तिला सगळे फोटो पाठवले. तासाभरानं तिचा फोन आला. "बाबा, सुंदर झालेत... पण आई कुठाय?"

"यात नाही ती," ते म्हणाले.

"दोगं गेला हुता न्हवं?"

"गेलो होतो. मी तिचे काढले होते चार-पाच. पण कॅमेरा डोळ्याला लावला की ती डोळे मिटायची. सगळ्यांत डोळे मिटलेले आले. ते मी तेव्हाच... फाडले."

खरी गोष्ट अशी की हा सगळा उद्योग त्यांनी मांडला होता तो तिच्यासाठीच. दोन महिन्यांवर वर्षश्राद्ध आलं होतं. भिंतीवर हार घालायला घरात होता तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला फोटो, आणि त्यात ती कुणी भलतीच बाई दिसायची, रागावलेली, थकलेली. त्यांना पारोसची कुमुद हवी होती. तिथं ती सारखी हसायची, उगाच हसायची, बोलता बोलता चपला हातात घेऊन पाण्यात शिरायची. एखाद्या फोटोच्या कडेला तरी ती सापडेल म्हणून त्यांनी खिडक्यांच्या काचा मोठ्या करकरून पाहिल्या, गर्दीतल्या पाठमोऱ्या बायका पाहिल्या. ती कुठंच नव्हती. दोनशे चौदाव्या फोटोनंतर त्यांना आधी रडू आलं आणि मग त्या फोटोंचाच राग आला.

"ती ज्यात नाही ते सांभाळून काय करू, बुवा?"

बुवांनी टॅबलेट बाजूला ठेवला आणि पिशवीतलं पाकीट घेतलं. हातात तोलून पाहिलं.

"दोनशे म्हनालास. ह्ये तर मूठभर हाय."

"बाकीचे मागच्या गुरुवारी सोडले. तुम्ही तापानं निजून होता. जे खराब होते ते आधी सोडले."

"न दाखवता?"

"खराबच होते, बुवा."

बुवा पाकिटातले फोटो एकेक करून डोळ्यांजवळ नेऊ लागले. मध्येच त्यांचं बोट अडलं. एक फोटो जाड लागत होता. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, फोटोच्या कडेला लावलं, थोडं थांबले, पुन्हा लावलं. सावकाश नख सारलं. मागं चिकटलेला दुसरा फोटो सुटून त्यांच्या मांडीवर पडला.

"हा कुठून आला?" सहस्रबुद्धे पुढे वाकले. "हा माझ्या मोजणीत नव्हता."

बंदराचा धक्का होता. धक्क्यावर अडतिशीतले सहस्रबुद्धे उभे, केस वाऱ्यानं उडालेले, एक हात वर. आणि डाव्या कोपऱ्यात, जवळजवळ पाव फोटो खाऊन टाकणारा, गुलाबी, अस्पष्ट असा काहीतरी गोळा.

"ह्ये काय?"

"ती चूक आहे. अंगठा."

"कुनाचा?"

"हिचा. माझे फोटो हीच काढायची ना. दर वेळी भिंगावर अंगठा. शंभरदा सांगितलं, धरून दाखवलं. शाळेत मास्तरीण, अख्खा गाव हिच्या हाताखाली अक्षर गिरवून गेला, आणि कॅमेरा धरायची ही तऱ्हा. मी तर तिला आठही दिवस अंगठेबहाद्दर म्हणून..."

त्यांनी जीभ चावली. बुवांना सही येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

बुवांना राग आलेला दिसला नाही. "असलं आनिक किती हुतं?"

"त्र्याहत्तर."

"त्येंचं काय केलंस?"

"काढून टाकले. पडद्यावर शेजारचं आकाश उचलायचं आणि अंगठ्यावर लावायचं. काही ठिकाणी समुद्र लावला. जोड कुठं दिसत नाही." आवाजात अजून थोडी ऐट होती, ती त्यांची त्यांनाच ऐकू आली.

"आन् कागद?"

"ते तर... आधी सोडले. खराब म्हणून."

बुवांनी आपला उजवा हात वर केला. अंगठा उलटसुलट करून स्वतःच पाहिला. वल्ह्यानं त्याचं कातडं घट्ट झालं होतं.

"मला सही न्हाई येत," ते म्हणाले. "कचेरीत एक भाऊसायेब सांगत हुता. म्हनला, बुवा, सही कुनाची बी कुनी करतंय. अंगठा दुसऱ्याचा लागत न्हाई. त्यो मानूस तितं असावाच लागतोय."

सहस्रबुद्धे बुवांच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग मांडीवरच्या फोटोकडे. मग टॅबलेटकडे...

ते उठले आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरले. बूट पायात होते, ते तसेच. गुडघाभर पाण्यात उभे राहून ते नदी वाहत जाते त्या दिशेला बघत होते. आठवडा झाला होता. पाण्यावर काही नव्हतं. पलीकडे एक म्हैस डुंबत होती आणि पुलावरून एसटी जात होती.

बुवांनी त्यांना हाक मारली नाही.

बऱ्याच वेळानं ते परत येऊन पायरीवर बसले. पँट ओली, बुटांतून पाणी गळत होतं.

"ती होती, बुवा. त्र्याहत्तर फोटोंत होती."

"हं."

"मी तिला शोधत होतो आणि तिलाच पुसत होतो. एकेका अंगठ्याला अर्धा अर्धा तास लागायचा. मोठा केला की त्याची गुलाबी कड पडदाभर पसरायची. एका फोटोत तर त्या गुलाबीवर पट्टीचा पांढरा पट्टा होता, तिनं लिंबू चिरताना कापून घेतलं होतं. ती पट्टी पाहिली मी. पाहिली, आणि तरी त्यावर आकाश लावलं."

"मागारी आनता येत न्हाई? त्या तुज्या पाटीत?"

"नाही. साफ केलेला फोटो ठेवायचा आणि आधीचा उडवायचा. डाग असलेला माल जपून ठेवायची मला सवय नाही." असं म्हणताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. दहा महिन्यांत ते कुणासमोर रडले नव्हते. स्मशानातही सगळी व्यवस्था त्यांनीच पाहिली होती.

बुवा पाण्यात पाय हलवत बसून राहिले. रडणं थांबायची त्यांना घाई नव्हती. ते थांबल्यावर त्यांनी मांडीवरचा फोटो उचलला.

"ह्यो तूच का?"

"हो. तेव्हा केस होते."

"त्वांड उघडं हाय तुजं. गानं म्हनतोस काय?"

सहस्रबुद्ध्यांनी ओल्या डोळ्यांनी फोटो पाहिला. वर उचललेला तो हात त्यांनी ओळखला.

"गाणं नाही... ओरडतोय तिच्यावर."

"काय म्हनून?"

"अंगठा काढ, म्हणून."

"मंग? काडला तिनं?"

"नाही. वारा फार होता. तिला ऐकू गेलं नसेल. नाहीतर ऐकू गेलं असेल आणि... ती हसत होती. हसत हसतच तिनं बटण दाबलं."

"तिनं न्हाई काडला."

"नाही."

"मंग कुनी काडला?"

घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं. तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"मी," सहस्रबुद्धे म्हणाले. "तेहतीस वर्षांनी."

बुवांनी फोटो धोतराच्या सोग्यानं पुसला, मागची चिकट बाजूही पुसली आणि त्यांच्या हातात दिला. सहस्रबुद्ध्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. कागदाला घट्ट पकडायचीही त्यांना भीती वाटत होती.

"हा सोडत नाही मी," ते म्हणाले. "हाच लावतो भिंतीवर. वर्षश्राद्धाला येणारे हसले तर हसू देत. लेकीला आधी दाखवतो. तिला सांगतो, ही बघ आई..." ते थांबले. फोटो त्यांनी थोडा लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "पण बुवा, ती एवढी एका कोपऱ्यात. आणि सबंध फोटोभर मीच उभा. कुणी पाहिलं तर त्याला मीच दिसणार. काय करू मी याचं?"

बुवांनी हात लांब केला. धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या तरुण माणसाच्या उघड्या तोंडावर त्यांनी एक बोट ठेवलं.

"आदी ह्येला गप बसव."