पहिली जोडणी कुणाची?

एकदा एक वृद्ध तंत्रज्ञ आपल्या शिष्यासह डोंगरातल्या एका गावी इंटरनेट जोडायला गेले. केबल गावाच्या तोंडापर्यंत आली होती. पुढे ती घरोघर न्यायची तर शेतांचे बांध खणावे लागणार होते आणि बांधाला कुदळ लावू द्यायला कुणी राजी नव्हते. ‘आधी एका घरी जोडून दाखवा, मग बघू,’ असे गावाने बजावले होते.

पहिली जोडणी आपल्याच घरी होणार म्हणून सरपंचांनी ओटा सारवून ठेवला होता. गुरूंनी त्यांना नमस्कार केला, केबलचे वेटोळे खांद्यावर घेतले आणि पाणंदीच्या कडेकडेने ते थेट माळावरच्या शेवटच्या घराकडे निघाले. सरपंच आणि गावकरीही मागोमाग गेले.

तिथे भिवराबाई एकट्या राहत. त्या जन्मापासून मूकबधिर. मुलगा लहानूही तसाच. दोन वर्षांपूर्वी तो दूर शहरात बेकरीत कामाला गेला. लिहिणे-वाचणे दोघांनाही येत नव्हते. अधूनमधून बेकरीवाल्याचा फोन दुकानदाराला येई आणि दुकानदार भिवराबाईंपुढे मान डोलवी, म्हणजे सारे ठीक. दोन वर्षांत आईला मुलाची एवढीच खबर होती. हे सारे आदल्या दिवशी दुकानात गुरू-शिष्य दोघांनीही ऐकले होते. पण कान असले म्हणजे माणूस ऐकतोच असे नाही. शिष्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले होते.

“मुकीच्या घरी फोन!” मागून कुणीतरी हसले. “आता टकल्याला कंगवा द्या!”

शिष्य कुजबुजला, “अण्णा, सरपंच बिथरले तर सगळं गाव हातचं जाईल.”

“तू तारेचं टोक नीट पूस,” गुरू म्हणाले.

जोडणी झाली. दुकानदाराकडून बेकरीवाल्याचा नंबर घेऊन शिष्याने आपला मोबाइल नव्या जोडणीला लावला आणि व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर पिठाने माखलेला एक तरुण चेहरा आला. भिवराबाईंनी आधी काचेला हात लावून पाहिला. मग त्यांची बोटे हलू लागली. तिकडे लहानूचीही हलू लागली, भरभर, एकमेकांना मध्येच तोडत. मनगटावरचा भाजल्याचा डाग तो लपवू पाहत होता. आईने बोट उगारले, तसा त्याने हात मुकाट्याने पुढे केला. सारे ठीक नव्हते, हे आईला आज कळले. ती रडत होती, रागावत होती, हसत होती. असे बोलणे शिष्याने जन्मात पाहिले नव्हते.

“ज्याला बोलता येतं, त्याचं अर्ध्या रेंजवरही भागतं,” गुरू हलकेच म्हणाले. “नाहीच भागलं तर तो आपल्याशी भांडून जोडणी मागून घेतो. हिला अख्खी तार लागते आणि मागायला हिच्याजवळ आवाज नाही. म्हणून आधी इथं यायचं.”



एवढ्यात गर्दीतून कुणी मोठ्याने विचारले, “सरपंच, मग बांधाचं काय ठरलं?”

सरपंचांनी डोळे पुसले आणि ओठांवर बोट ठेवले. “हळू. दोघं बोलतायत,” ते म्हणाले. मग शिष्याच्या कानाशी वाकून पुटपुटले, “उद्या माझ्या बांधापासून खणायला घ्या.”