शेवटच्याने न्यायचा पंप

एका गावात सगळ्यांकडे सायकली होत्या आणि घाई कुणालाच नव्हती. निदान आधी तरी नव्हती.

गाव डोंगराच्या अलीकडे होतं आणि कापडाचा कारखाना पलीकडे. मध्ये एक खिंड. रोज सकाळी कातणारे, विणणारे, रंगवणारे आणि घड्या घालणारे सायकलींवरून खिंड चढून जात आणि संध्याकाळी उतरून घरी येत. वाटेत ना वस्ती होती ना पंक्चरवाला. म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. वेशीवरच्या चिंचेला एक खुंटी ठोकलेली होती आणि तिच्यावर हवा भरायचा पंप व पंक्चरच्या सामानाची पिशवी टांगलेली असे. सकाळी जो सगळ्यांत शेवटी निघेल त्याने ती घ्यायची आणि सगळ्यांच्या मागून जायचं. वाटेत ज्याचं चाक बसेल त्याने फक्त थांबून राहायचं. पंप मागून येतच असे.

शेवटी निघण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. ज्याला आणखी एक भाकरी खायची असेल किंवा बायकोशी जरा बोलायचं असेल, तो आदल्या दिवशीच सांगून टाकी, "उद्या पंप माझा."

त्या गावात एक विणकर आणि एक रंगारी शेजारी शेजारी राहत. विणकर ताडमाड उंच, रंगारी बुटका. दोघे रोज बरोबर निघत, गप्पा मारत चढ चढत आणि गप्पा संपल्या नाहीत तर कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून संपवत.

एके दिवशी गार वारा सुटला होता. रंगाऱ्याने सहज चार पायडलं जोरात मारली आणि तो विणकराच्या पुढे गेला. जाताना त्याने घंटी वाजवली. दुसऱ्या दिवशी विणकर रंगाऱ्याच्या पुढे गेला, आणि घंटी त्यानेही वाजवली.

तिथून सुरू झालं. दोघांपैकी कुणीही त्याला शर्यत म्हणाला नाही. फाटकावरचा म्हातारा रखवालदार विचारी, "काय रे, धापा का टाकताय?" तर रंगारी म्हणे, "कुठे काय, आबा. सकाळची हवा चांगली असते." आणि विणकर धोतराने घाम पुसत म्हणे, "मला तर दमच लागत नाही." दोघेही फाटकाला टेकून उभे असत.

हे खूळ साथीसारखं पसरलं. कातणारे विणणाऱ्यांना मागे टाकू लागले आणि घडीवाले कातणाऱ्यांना. हळूहळू सायकली हलक्या होऊ लागल्या. आधी मडगार्ड गेले, मग स्टँड गेले. विणकराने मागचं कॅरिअर काढून माळ्यावर टाकलं आणि पायांत जोर यावा म्हणून सीट जेवढी वर जाईल तेवढी चढवली. रंगाऱ्याने घंटीसुद्धा काढली. जेवणाच्या डब्यात भाजी असे, आमटी नसे, कारण आमटी जड. बायकांनी नवऱ्यांना बोल बोल बोलून पाहिलं आणि शेवटी आमटी घरीच खायला सुरुवात केली.

या सगळ्यात पंपाचं काय झालं? पंप लोखंडी होता आणि तो नेणारा शेवटचा ठरत होता. त्यामुळे चिंचेपाशी आलेला प्रत्येक जण मागे वळून बघे आणि म्हणे, "माझ्यामागे कुणीतरी येतंय की." कधी खरंच कुणी येत असे, कधी नुसती धूळ असे. पंप खुंटीवरच राहिला. पहिले काही दिवस लोकांना त्याची लाज वाटली, मग चिंचेकडे बघायची सवयच सुटली.

याच सुमारास विणकराच्या मुलीचं लग्न ठरलं. विणकराने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींच्या साड्या विणल्या होत्या. आपल्या मुलीची साडी कशी असेल ते ती पाळण्यात होती तेव्हापासून त्याच्या डोक्यात होतं. अंग हळदीसारखं पिवळं आणि दोन्ही काठ गडद निळे. काठांपुरतं चांगलं रेशीम त्याने जपून ठेवलं होतं. तसलं रेशीम पुन्हा मिळायला पुढचा हंगाम उजाडला असता आणि लग्न तर तोंडावर आलं होतं.

एका संध्याकाळी त्याने ते रेशीम रंगाऱ्याच्या हातात दिलं. कामाच्या जागी त्यांचं बोलणं अजून होतं, फक्त रस्त्यावरचं बंद झालं होतं.

रंगारी म्हणाला, "रात्रभर निळीच्या कुंडीत मुरू दे. कुंडीत चुना असतो, तो रेशीम खातो. म्हणून ऊन चढायच्या आत बाहेर काढावं लागतं. उद्या पोचलो की आधी तुझंच रेशीम काढतो."

"विसरशील बघ."

"तुझी मुलगी ती माझी नाही का?" रंगारी म्हणाला. मग त्याने रंगशाळेला कुलूप घातलं आणि किल्ली नेहमीप्रमाणे कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी उजाडायच्या आतच निघाला. त्याला दोन कारणं होती, एक रेशीम आणि दुसरं तुम्हाला ठाऊक आहे. खिंडीच्या पायथ्याशी त्याच्या मागच्या चाकात काटा गेला आणि चाक बसलं. तो उतरला. रीतीप्रमाणे त्याने नुसतं थांबून राहायचं होतं. पण येणार काय होतं? पंप चिंचेवर होता आणि ते त्यालाही माहीत होतं.

मागून एकेक जण आला. रंगारी वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसला. कुणाला हात दाखवणं त्याच्या जिवावर आलं. येणाऱ्यांनीही चपलेकडेच बघितलं.

शेवटी विणकर आला. त्याने लांबूनच पाहिलं. टायर रिंगला टेकला होता, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. त्याने वेग थोडा कमी केला.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही," रंगारी म्हणाला. "जरा थांबलोय. तू हो पुढे."

विणकराला एवढंच हवं होतं. खोटं आहे हे कळत असूनही त्याने ते खरं मानलं, कारण ते खरं मानलं की थांबावं लागत नव्हतं. त्याने जोर काढला. चढावर त्याने घडीवाल्यांना गाठलं, माथ्यावर कातणाऱ्यांना मागे टाकलं आणि उताराला लागला तेव्हा त्याच्यापुढे मोकळा रस्ता होता. त्या दिवशी तो सगळ्यांत पहिला पोचला. आजवर असा पहिला तो कधीच आला नव्हता.

फाटकाशी उतरून त्याने ऐटीत विचारलं, "आबा, माझ्याआधी कुणी आलं का?"

"कुणी नाही बाबा. तूच पहिला." रखवालदार म्हणाला, "पण तुझा तो शेजारी कुठे राहिला? काल जाताना सांगून गेलाय, पहाटेच येतो, पोरीचं रेशीम काढायचंय म्हणून."

विणकराने वळून रंगशाळेकडे बघितलं. ऊन रंगशाळेच्या कौलांवर आलं होतं. दाराला कुलूप होतं आणि आतल्या कुंड्यांपैकी आपलं रेशीम कोणत्या कुंडीत आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने सायकल वळवली. समोरून येणारे सगळे त्याला उलट जाताना बघून चक्रावले. घडीवाला ओरडून म्हणाला, "अरे, कारखाना इकडे आहे."

रंगारी अर्धा चढ चढून आला होता, एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हाताने कमरेची किल्ली धरून. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"बस माझ्यामागे," विणकर म्हणाला. मग दोघांनीही सायकलच्या मागच्या बाजूला बघितलं. कॅरिअर नव्हतं.

"नुसती किल्ली नेऊन मी काय करू? रेशीम काढणं तुझ्याच हातचं काम. माझी सायकल घे आणि तू जा."

रंगाऱ्याने टांग मारली, पण सीट एवढी वर होती की त्याचे पाय पायडलांना पुरेनात, आणि ती खाली घ्यायला पान्हा चिंचेवरच्या पिशवीत होता. शेवटी तो उभ्यानेच, डुगडुगत, धडपडत निघाला. विणकर त्याची बसलेली सायकल ढकलत मागून चालत राहिला. त्या दिवशी सगळ्यांत शेवटी तोच पोचला.

रंगशाळेच्या दाराशी रंगारी उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत निळं रेशीम होतं. अर्धं रेशीम लखलखत होतं. उरलेलं अर्धं बोटाने ओढलं की तुटत होतं.

"मी हात दाखवायला हवा होता," रंगारी म्हणाला.

"मला दिसलं होतं," विणकर म्हणाला.

दोघेही रडवेले झाले होते. पण रडून चुन्याने खाल्लेलं रेशीम परत येत नाही, म्हणून ते कामाला लागले. विणकराने उरलेल्या रेशमात जेवढं जमलं तेवढं विणलं. साडी लग्नाच्या आदल्या दिवशी मागावरून उतरली. मुलीने ती उलगडली, हात फिरवला आणि म्हणाली, "सुरेख आहे. पण बाबा, निळा काठ एकाच बाजूला का?"

विणकर म्हणाला, "त्या दिवशी मी पहिला आलो होतो, बाळ."

लग्न पार पडलं. त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी विणकर चिंचेखाली सायकल धरून उभा राहिला. कॅरिअर पुन्हा बसवलेलं होतं. एकेक जण त्याच्यासमोरून गेला आणि रंगारीही आला. "चल की," तो म्हणाला.

"तू हो पुढे. आज पंप माझा."

रंगारी पुढे गेला नाही. दोघांनी सगळ्यांना जाऊ दिलं, खुंटीवरची पिशवी काढून कॅरिअरला बांधली आणि गप्पा मारत चढाला लागले. खूळ गावातून एका दिवसात गेलं नाही. घडीवाले अजूनही म्हणतात की ते फक्त हवा खायला जोरात जातात. पण त्यांचं चाक बसलं, तर ते आता नुसते थांबून राहतात.

तात्पर्य: पुढे जायला हरकत नाही, पण मागे कोण अडलंय ते दिसत असून जो पुढे जातो, त्याचंच काहीतरी मागे राहतं.