राजाच्या शब्दांची दोरी

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी सुदर्प राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारी हेमक नावाचा अमात्य होता. दुसरा अमात्य रोहक. दोघे एकाच गुरूकडे शिकलेले, एका ताटात जेवलेले. पण हेमकाला कोणी चांगलं म्हटलं की रोहकाला ते सहन होत नसे. घरी येऊन तो बायकोला म्हणे, "भला माणूस म्हणे! तोंड मिटून बसलं की झालं भलेपण!"

सुगी संपली की दरबारात पुढच्या वर्षाचा बेत ठरे. राजकोठारात किती धान्य येईल आणि सैन्य, रस्ते, तलाव, उत्सव यांना किती द्यायचं, ते अमात्य सांगत. रोहक म्हणे, "हजार गाड्या येतील." हेमक म्हणे, "आठशे धरू या. जास्त आल्या तर कुणाची तक्रार नाही." आणि दरवर्षी नेमक्या आठशेच्याच आसपास यायच्या! बिचाऱ्या रोहकाने करावं तरी काय? राजा हेमकाला उजव्या हाताला बसवी, आणि त्या आसनापायी रोहकाला अन्न गोड लागेना.

शेवटी त्याला युक्ती सुचली. नावाड्यांना नव्या नावा हव्या होत्या आणि नगरातले श्रेष्ठी जामिनाशिवाय कर्ज देईनात. रोहक म्हणाला, "महाराज, कोठारातला दाणाही देऊ नका. नुसता शब्द द्या. नावाड्यांनी नाही फेडलं तर राजा फेडील, एवढंच म्हणा. लोक जयजयकार करतील आणि खर्च काहीच नाही!"

राजा हरखला. नावा पाण्यात उतरल्या, घाटावर ढोल वाजले. मग त्याच नावांतून माल धाडणाऱ्या विणकरांसाठी शब्द, तेल्यांसाठी शब्द, असे नऊ शब्द गेले. रोहक उजव्या आसनावर बसला. हेमक मात्र हसतमुखाने डावीकडे सरकला, आणि तिथेच रोहकाच्या आनंदात माती कालवली गेली. 'हा जळत कसा नाही?' या विचाराने त्याची झोप उडाली.

राजाने शब्द दिला की हेमक कमरेच्या सुती दोरीला एक गाठ मारी. रोहकाने टोमणा मारला, "काय रे, गंडेदोरे कधीपासून?"

"विसराळू आहे मी. शब्द हवेत जातो, गाठ राहते."

"तुझे जात असतील हवेत!" रोहक फणकारला.

तिसऱ्या वर्षी वेत्रवतीला महापूर आला. नावा खडकांवर फुटल्या. नावाच नाहीत म्हटल्यावर कापड आणि तेल घाटावरच कुजलं. सगळे श्रेष्ठी एकाच दिवशी महालाच्या दारात उभे राहिले. कोठारात तर प्रजेला आणि सैन्याला वर्षभर जेमतेम पुरेल एवढंच धान्य होतं. राजाचा चेहरा काळवंडला. "रोहका, आता देऊ कुठून? माझा शब्द मोडला, तर सूर्यास्ताआधी तू सीमेपलीकडे जाशील."

 पण आठच दिवसांपूर्वी रोहकाच्या हेराने बातमी आणली होती, की हेमक जुन्या हत्तीशाळेत पोती साठवतो. रोहक ओरडला, "महाराज, कोठार अपुरं का पडलं ते याला विचारा! चोर तुमच्या डाव्या हाताला बसलाय!" खरं सांगायचं तर भीतीपेक्षा त्याला आनंदच जास्त झाला होता.

सगळे हत्तीशाळेकडे निघाले. दार उघडलं, तर आढ्यापर्यंत पोती. राजा वाकून पाहतो तो प्रत्येक पोत्यावर त्याचीच मुद्रा!

हेमक म्हणाला, "महाराज, तुम्ही शब्द देऊ लागलात तेव्हाच मी म्हणालो होतो, की शब्द हाही खर्चच आहे, फक्त तो कधी मागितला जाईल ते ठाऊक नसतं. शिवाय सगळे शब्द एकाच नदीच्या भरवशावर. तुम्ही म्हणालात, 'ठेवायचं तर उत्सवाच्या वाट्यातलं ठेव,' आणि मुद्रा दिलीत. तुमच्या दर शब्दामागे मी वीस गाड्या ठेवल्या. दरवर्षी जुनं काढून नवं भरलं."

राजाला आठवलं. उत्सवात दिवे कमी लावले म्हणून त्यानेच हेमकाला कंजूष म्हटलं होतं. शरमून त्याने दोरी हातात घेतली आणि गाठी मोजल्या. "शब्द नऊ, गाठी दहा. ही पहिली, मळकी गाठ कुणाची?"

"ती राहू द्या, महाराज."

रोहकाला वाटलं, आता सापडला! "सांगायला लावा, महाराज! खरी चोरी त्याच गाठीत आहे!"

हेमक खाली बघत म्हणाला, "ती माझ्या शब्दाची. रोहकाला दरबारात घेण्याआधी तुम्ही मला एकट्याला विचारलं होतं, 'या परक्या तरुणाची हमी कोण घेतो?' मी म्हणालो, 'मी घेतो. त्याचं चुकलं तर दंड मला.' खोट्या आळाला आपल्याकडे हद्दपारी आहे. श्रेष्ठींचं देणं या धान्यातून फेडा. मी निघतो."

त्याने उपरणं खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. रोहक धावला आणि त्याच्या वाटेत बसला. एवढी वर्षं ज्या आसनासाठी तो जळला, ते मुळात हेमकाच्या शब्दावर उभं होतं. तो रडत म्हणाला, "हेमका, काय सांगू? मला आत्ताही तुझा मत्सरच वाटतोय रे!"

"वाटू दे," हेमक म्हणाला. "मी जामीन आहे ना."

राजा पुढे आला. "शब्द मी दिले, आणि दंड तू भोगणार? कोणीही जायचं नाही." देणं फिटलं. त्या दिवसापासून धान्य बाजूला काढल्याशिवाय राजाने शब्द दिला नाही, आणि दोरीला गाठ मारायचं काम रोहकाकडे आलं. पहिली गाठ त्याने कधी सोडली नाही.

भिक्षूंना एवढी कथा सांगून शास्ते, त्यांचे गुरू, थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, सोबत्याला चांगली भिक्षा मिळाली म्हणून तीन दिवस रुसून बसलेला हा भिक्षू तेव्हा रोहक होता. सुदर्प राजा म्हणजे आपल्यातला भिक्षू आनंद. हेमक मीच होतो. आपल्यावर जळणाऱ्याचाही जामीन राहणं, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

रुसलेला भिक्षू उठला आणि आपलं पात्र घेऊन सोबत्याच्या शेजारी जाऊन बसला.